नवरा जिवंत असताना फुटलेल्या बांगड्या

माझ्या बांगड्या फुटल्या तेव्हा माझा नवरा जिवंत होता. हे सांगितलं की ऐकणारा आधी हसतो, मग आपण हसलो म्हणून ओशाळतो. मी म्हणते, हसा बापा. हसण्यासारखंच आहे ते. मीही हसले आहे, फक्त फार उशिरा.

आमचं गाव सानगडीच्या बाजाराला पायी जाऊन जेवणाच्या वेळेला घरी परतता येईल एवढ्या अंतरावर. गावाला तलाव, तलावाखाली धानाच्या बांध्या, म्हणजे पाणी साचवायची शेतं, आणि त्या बांध्यांत पाणी आधी कुणी घ्यायचं यावरून भांडणारे आम्ही लोक. सत्तरचं दशक सरत आलं होतं तेव्हाची ही गोष्ट. दोन भाऊ वेगळे निघालेले, मधे कमरेइतकी मातीची भिंत. भिंतीपलीकडे भासरे, म्हणजे माझ्या नवऱ्याचे थोरले भाऊ, आणि माझी जाऊ. अलीकडे आम्ही. आणि दोन्ही घरांत मिळून एक आत्याबाई, सासऱ्यांची बहीण, लहानपणीच विधवा होऊन माहेरी परतलेली. त्यांचा सकाळचा चहा आमच्याकडे, संध्याकाळचं जेवण पलीकडे, आणि दोन्हीकडच्या चुगल्या दोन्हीकडे.

माझा नवरा भांडखोर. तोंडावर मी त्याला ‘अजी’ म्हणायची, लिहिताना ‘तो’ लिहिते. एवढी वर्षं झाली, आता तेवढा हक्क मला आहे. सुंभ जळेल पण पीळ जाणार नाही असा माणूस. दर वर्षी रोवणीच्या वेळी तो धुऱ्याच्या, म्हणजे बांधाच्या, या बाजूला, भाऊ त्या बाजूला, आणि पाण्यावरून तोंडाचा पट्टा सुरू. दोघांची आई एकच, बहिणीही त्याच, म्हणून शिव्या मात्र फार जपून द्याव्या लागत. संध्याकाळी घरी आला की मी भाकर वाढता वाढता विचारायची, “आज कोन जिंकलं?” तो म्हणायचा, “उद्या पायजो.” असा रोजचा उद्या पाहणारा माणूस होता तो. मला त्याचा राग यायचा आणि त्याच्यावाचून करमायचंही नाही.

त्या वर्षी भादव्यात त्याचे डोळे पिवळे झाले. कावीळ म्हटली की आमच्याकडे दवाखाना शेवटी. आधी झाडपाल्याचा रस, मग गळ्यात काडक्यांची माळ, मग हळद बंद, तेल बंद. डोळ्यांचा पिवळेपणा उतरला असं वाटलं आणि पोट फुगायला लागलं. दिवाळीच्या पुढे त्याला एसटीत घालून भंडाऱ्याला नेलं. डॉक्टर भला माणूस होता. भासऱ्यांना बाजूला घेऊन म्हणाला, लिव्हर गेलं आहे, घरी न्या, सेवा करा. भासऱ्यांनी येऊन मला सांगितलं तेव्हा मी डॉक्टरवरच चिडले. दारूचा थेंब न घेतलेल्या माणसाचं लिव्हर कसं जाईल? अख्खं गाव मोहाची पिऊन ठणठणीत आणि आमचा नुसता पाण्यावर भांडणारा, त्याचंच गेलं! पण चिडून काय होणार होतं. आम्ही घरी आलो. आमच्या पोरींना मी अड्याळला माझ्या माहेरी पाठवून दिलं.

पौषात त्याची शुद्ध हरपली. हाक मारली की आधी पापणी हलायची, मग तीही हलेना. एका सकाळी आत्याबाई म्हणाल्या, आता खाली घ्या. माणूस खाटेवर जाऊ नये, भुईवर जावा, ही रीत. मी सारवलं, धानाचं तणस पसरलं, भासऱ्यांनी आणि शेजारच्या दोघांनी त्याला उचलून खाली ठेवलं. तोंडात तुळशीचं पान, पाणी. पाणी ओठावरून तसंच ओघळलं.

आमच्या भागात कापूस पिकत नाही. नाकाशी धरायला कापूस कुठून आणायचा? म्हणून आत्याबाईंची एक रीत होती. पळसाच्या पानावर चिमूटभर धानाचं फोल, हलकं पोकळ टरफल, घ्यायचं आणि नाकाशी धरायचं. जीव असला की फोल हलतं. गावातल्या कितीतरी लोकांना त्यांनी असं तपासलं होतं आणि आपण कधी चुकलो नाही असं त्या अभिमानानं सांगत. चुकल्या असत्या तर सांगायला कोण उरलं असतं, हे तेव्हा कुणाच्या डोक्यात आलं नाही. त्या उठल्या, अंगणापलीकडच्या खळ्यावरून फोल घेऊन आल्या, पान नाकाशी धरलं. आम्ही सगळे वाकून पाहत होतो. फोल हललं नाही.

“गेला व,” आत्याबाई म्हणाल्या. “गेला माहा बापू.”

मग जे होतं ते झालं. रडण्याचा एकच कल्लोळ उठला. भासरे मोठ्यानं हंबरडा फोडून बाहेर गेले, दुसऱ्या कुणाला हात लावू न देता स्वतः बांबू तोडायला लागले. जाऊ मला धरून बसली. आमच्या घराण्यात मयत उचलायच्या आधी बायकोचं सगळं उतरवतात. आत्याबाईंनी पाटा ओढला, माझे दोन्ही हात त्यावर ठेवले आणि वरवंट्यानं बांगड्या फोडल्या. काच मनगटात गेली. गळ्यातलं काढलं, पायातली जोडवी काढली, ओल्या फडक्यानं कपाळ पुसलं. मी काही केलं नाही. हात मागे ओढले नाहीत, पुढेही केले नाहीत. कुणी माझं करत होतं आणि मी ते दुसऱ्या कुणाचं पाहत होते, असं काहीसं.

त्याला अंघोळीला अंगणात नेलं. पाटावर बसवला, मागून एकानं धरलं. हंड्यातलं पाणी भराभर तापवलेलं, घाईत कुणी थंड मिसळलंच नाही. पहिला गडवा खांद्यावर ओतला आणि तो कण्हला. दुसरा ओतणाऱ्याच्या हातातच राहिला.

“पानी कढत हाय ना बे,” माझा नवरा म्हणाला. “काहून भाजून राहिले मले?”

धरणाऱ्यानं सोडून दिलं आणि तो मागच्या मागे कलंडला. दोघं जण पळाले, ते थेट तलावाच्या पाळीवर जाऊन थांबले. नेमके त्याच वेळी भासरे खांद्यावर बांबू घेऊन अंगणात शिरले. पाहतात तो भाऊ चिखलात आडवा पडून पाणी मागतो आहे. बांबू तिथंच टाकून ते भावाजवळ बसले आणि त्याचं तोंड पुन्हा पुन्हा चाचपायला लागले.

मी दारात उभी होते. त्यानं मला पाहिलं. आधी हात पाहिले, मग कपाळ. मग मान खाली घातली, जशी काही चूक त्याचीच होती.

मला आनंद झाला असं सगळ्यांना वाटतं. झालाही. पण त्या आनंदाला हातच लावता येईना. अंगणात जमलेली माणसं एकदा त्याच्याकडे बघत, एकदा माझ्याकडे, आणि नजर चोरत. बांगड्या फोडायची रीत सगळ्यांना पाठ होती. फोडलेल्या परत कशा भरायच्या ती कुणालाच माहीत नव्हती. एक म्हणाली, लगेच भर, सवाष्ण आहेस तू. दुसरी म्हणाली, असं कसं, एकदा उतरलं ते उतरलं, पुन्हा घातलं तर त्याच्यावर येईल. पोथी वाचणाऱ्या गुरुजींना विचारलं. ते म्हणाले, असं कुठे लिहिलेलं मी वाचलं नाही. आत्याबाई म्हणाल्या, माझ्या हातानं फुटल्या, मीच भरते. पण विधवेनं सवाष्णीला बांगड्या भरायच्या नसतात. मग त्या तिथंच पाट्याशी बसल्या आणि पदरात तोंड घालून रडल्या. इकडे आड तिकडे विहीर. नवरा खाटेवर पाणी पितो आहे आणि मी पांढऱ्या कपाळानं त्याला पाणी पाजते आहे. देवानं दिलं तेही असं दिलं की घ्यायला हात मोकळे नाहीत.

शेवटी त्यानंच तोड काढली. थोडं बोलता यायला लागल्यावर वहिनीला म्हणाला, “कासारनीले आना.” जाऊ सानगडीच्या बाजारातून कासारणीला घेऊन आली. तिनं माझं मनगट पाहिलं, कपाळ पाहिलं, आणि टोपली उघडताना तिचा हात थांबला. जावेनं सारी हकिगत सांगितली.

“नवरा कुठी हाय?” कासारणीनं विचारलं.

“अथी हाय वो, जित्ता हाय,” तो खाटेवरून म्हणाला. “भर तू. चांगल्या दाटून भर.”

तिनं हिरव्या बांगड्या भरल्या, त्याच्यासमोर, घट्ट. जखमांवरून जाताना दुखलं. त्यानं स्वतः बोटानं कुंकू लावलं, ते थोडं भुवईवर आलं. मी आरशात पाहून हसले. तोही हसला. मग आत्याबाईंना हाक मारली. त्या लाजेनं आमच्याकडे चहालाही येईनाशा झाल्या होत्या. त्या दाराशी येऊन उभ्या राहिल्या.

“आत्या,” तो म्हणाला, “फोल खळ्यावरचं आनलं होतं ना? अगं, रातभर दहिवर पडलं होतं त्याच्यावर. ओलं फोल हालीन कसं?”

हे कुणालाच सुचलं नव्हतं. धान पिकवणारं अख्खं गाव, आणि ओलं फोल जड असतं हे मेलेल्या माणसानं सांगावं लागलं. आत्याबाई हसल्या की रडल्या, मला कळलं नाही. चहा मात्र प्यायल्या.

मला वाटलं, आता सुटलो. डॉक्टर चुकला, आत्याबाई चुकल्या, रीत चुकली. एवढं सगळं चुकलं तर मरणही चुकलं असेल. गावात लोक म्हणायला लागले की त्याला देवानं परत पाठवला. मीही तेच धरून बसले.

पण जो परत आला तो भांडणारा नव्हता. अंगणात पडलेले ते बांबू त्याच्या तिरडीचं सामान. कुणी उचलेना, कुणी जाळेना. त्यानं मला सांगून त्यांचा मांडव करवला आणि त्यावर दोडक्याचा वेल चढवला. दोडकी भरपूर आली. शेजारणीनं एकही कधी घेतलं नाही, आणि आम्ही मात्र चवीनं खाल्ली. एवढी मजा ठीक होती. पण पुढे उन्हाळी धानाचं पाणी सोडायची वेळ आली. भासरे भिंतीपाशी येऊन उभे राहिले. इतक्या वर्षांत पहिल्यांदा त्यांनीच होऊन सांगितलं, “या साली पानी तू आधी घे.”

“तूच घे ना दादा,” माझा नवरा म्हणाला. “मले कायले पायजेन आता?”

भासऱ्यांचा चेहरा पडला. तोंडात मारल्यासारखे ते उभे राहिले आणि मग वळले. नंतर जावेनं मला सांगितलं, त्या दिवशी ते जेवले नाहीत. म्हणाले, त्यानं शिवी दिली असती तर बरं झालं असतं.

माझंही तेच झालं. आधी कडू काढा दिला की तो वैद्याच्या सात पिढ्या उद्धरायचा. आता दूध प्यावं तसा प्यायचा. शिव्या दिल्या असत्या तर मला आशा वाटली असती. सपरीत, दारापुढच्या ओसरीवर, बसून तो येणाऱ्याजाणाऱ्याशी गोड बोलायचा. ज्याच्याशी दोन-दोन वर्षं अबोला होता त्याला बोलावून पान द्यायचा. लोक मला म्हणायचे, किती शांत झाला तुझा नवरा, साधूच झाला. माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा. साधूशी लग्न केलं नव्हतं मी. तो एकेक गोष्ट हातातून सोडत चालला होता, आणि सोडायच्या गोष्टींत मीही कुठेतरी होतेच. एकदा मी सरळ ओरडले.

“तुमचं बरं हाय, अजी. तुमी सारं सोडून राहिले. मी काय धरू?”

मग मी नवस बोलायला लागले, जंगलातल्या वैद्याकडून मुळ्या आणायला लागले. तो सगळं घ्यायचा. माझं मन राखायला घ्यायचा, हे मला कळत होतं आणि म्हणूनच अधिक राग यायचा.

आणि एक भीती होती, ती मी कुणालाच सांगितली नाही. मरण तर आता सगळ्यांनी पाहिलं होतं. मला भीती होती त्या पाट्या-वरवंट्याची. हातात हिरव्या बांगड्या होत्या आणि हात हलला की त्या वाजत. प्रत्येक वेळी मला वाटे, ह्या पुन्हा फुटणार. एकदा सोसलेलं पुन्हा सोसायला लागणार, आणि या वेळी मी दुसऱ्या कुणाचं पाहते आहे असं नसणार. चटणी वाटताना माझा हात थांबायचा. शेवटी मी चटणी उखळात कुटायला लागले. जावेनं विचारलं तर म्हटलं, अशीच चव चांगली लागते.

उन्हाळा लागला तसं त्याचं पोट परत चढलं. मी सपरीत बसून तांदूळ पाखडत होते, तेव्हा तो अचानक म्हणाला, “मले सारं आयकू येत होतं.”

“कधी?”

“त्या दिवशी. तुमी रडून राहिले होते. दादा बांबू तोडाले गेला होता. मरनाचं काई वाटलं नाई मले. झोप येते ना तसं. पन मंग तुह्या बांगड्याचा आवाज आला.” तो थांबला. “मी आतून म्हनत होतो, थांबा बे, मी हावो ना. तोंडच उघडेना. लय जोर केला मी. पन उघडेना.”

मी सूप खाली ठेवलं.

“तो आवाज मले पुन्हा नाई पायजेन,” तो म्हणाला. “जाच्या आधी तुह्या बांगड्या मीच काहाडतो. कोनी फोडाले नाई पायजेन.”

मी त्याच्यावर तुटून पडले. जित्या नवऱ्यानं बायकोच्या बांगड्या काढल्याचं कुठे ऐकलं आहे? लोक शेण घालतील तोंडात. आणि काढल्या म्हणजे काय, मी कबूलच केलं की तुम्ही जाणार? माझ्याच हातानं तुम्हाला वाटेला लावू? मी आणखी बरंच बोलले, जे लिहिण्यासारखं नाही. तो ऐकत होता. पूर्वीचा असता तर माझ्या वरताण बोलला असता. तो एवढंच म्हणाला, “पाह्य बापा तू. तुहे हात हायेत.”

त्या दिवसापासून मी माझे हात त्याच्यापासून लपवायला लागले. त्याच्याजवळ बसायचं तर हात कणकेत, नाहीतर शेणात, नाहीतर भाजीत. मोकळे हात घेऊन मी त्याच्यापुढे गेले नाही. त्यानंही पुन्हा विषय काढला नाही. तो दिवसेंदिवस खंगत होता, मी दिवसेंदिवस कामं काढत होते. एवढं स्वच्छ घर माझं कधीच नव्हतं आणि पुढेही झालं नाही.

वैशाखातली दुपार होती. तलावाचं पाणी तळाला गेलं होतं आणि गावातली माणसं मासे धरायला गेली होती, म्हणून सगळीकडे सामसूम. सकाळपासून तो ओळख विसरल्यासारखा पडून होता. मला वाटलं, आता परत तसंच होणार. तेवढ्यात त्यानं डोळे उघडले, मला नीट पाहिलं आणि हात पुढे केला. पिवळी नखं, हाडांवर कातडी. मी भाजी निवडत होते. ती बाजूला ठेवली आणि माझा हात त्याच्या हातात दिला. का दिला, ते मला आजही सांगता येणार नाही. कदाचित कामं संपली होती.

घट्ट भरलेल्या बांगड्या त्या. त्यात माझा हात शेतात राबून राठ झालेला. तो ढकलायचा आणि त्याची बोटं निसटायची. त्याच्या कपाळावर घाम आला. मी त्याच्याकडे न पाहता कुडाच्या भिंतीकडे पाहत बसले.

“मूठ सोड वो,” तो म्हणाला.

मी मूठ आवळून धरली होती हे मला माहीतच नव्हतं. मी ती सोडली. तरी बांगडी अंगठ्याच्या हाडाशी अडली, त्याच्यात जोरच नव्हता. तेव्हा मी दुसऱ्या हातानं माझा तळवा दाबून धरला आणि आम्ही दोघांनी मिळून ती काढली. मग पुढची. मग दुसऱ्या हाताच्या. एक मधेच तडकली. तो दचकला. मी दचकले नाही. सवाष्णीची बांगडी फुटली म्हणायचं नसतं, वाढली म्हणायचं असतं. मी म्हटलं, “वाढली.”

“हाव,” तो म्हणाला. “वाढली.”

कुंकवाला त्यानं हात लावला नाही. म्हणाला, “कपाळाचं राहू दे. थे पुसल्याचा आवाज होत नाई.”

दुःख कमी झालं असं म्हणेन तर खोटं होईल. पण त्या दुपारनंतर मी नवस बोलले नाही, मुळ्या उकळल्या नाहीत. जेवढे दिवस होते तेवढे त्याच्याजवळ नुसती बसले. मोकळे हात घेऊन बसले. जाऊ आली, तिनं मनगटं पाहिली, रागावली, मग तीही बसली. तो कधी शुद्धीत असायचा, कधी नसायचा. शुद्धीत आला की भांडणांच्या गोष्टी सांगायचा, कोणत्या साली कोण जिंकलं त्या. मी मधे मधे चुका काढायची. माझ्यातली ती भीती गेली होती. ती गेल्यावर कळलं की एवढे दिवस मी त्याच्याशी नाही, तिच्याशीच संसार करत होते. आणि तिला बाजूला सारल्यावर माझ्या पुढ्यात जो माणूस उरला होता, तो चाललेला होता, त्याला धरून ठेवणं माझ्या हातात नव्हतं.

तो एका सकाळी गेला. आत्याबाईंनी या वेळी फोल आणलं नाही. त्याच्या छातीला कान लावून त्या बसल्या, अंग गार पडलं तरी उठेनात, आणि कुणालाही पाणी तापवू देईनात. शेवटी भासऱ्यांनी त्यांना उठवलं. माझ्याकडे वळल्यावर आत्याबाईंनी माझे मोकळे हात पाहिले. ओल्या बोटानं हळूच कपाळ पुसलं आणि माझ्या शेजारी येऊन बसल्या.

पुढची वर्षं मीच शेती केली. दर रोवणीला तलावाचं पाणी आधी माझ्या बांधीत येई. भासरे न बोलता धुरा फोडून देत आणि निघून जात. पोरींची लग्नं झाली. आत्याबाई गेल्या. मी बदलले असं सगळे म्हणत. आधी मीही काही कमी भांडखोर नव्हते. आता कुणी काही नेलं, कुणी काही म्हटलं, तर मला त्याचं फार वाटेनासं झालं. आणि मी मनाशी एक ठरवून टाकलं होतं, की आमच्या घरात तो आवाज आता पुन्हा होणार नाही.

ऐंशीचं दशक अर्ध्यावर आलं होतं तेव्हा भासरे गेले. सकाळी चहा पिऊन शेतावर गेले होते, चिखलणी सुरू होती. साप चावला. बांधीवरून घरापर्यंत आणेस्तोवर संपलं होतं. अंगणात त्यांना ठेवलं. बायका जमल्या, कुणीतरी पाटा-वरवंटा आणून ठेवला आणि सगळ्या माझ्याकडे पाहायला लागल्या. आत्याबाईंच्या जागी आता घरातली विधवा मीच होते.

मी पाटा पायानं बाजूला सारला. जावेजवळ बसले, तिचा हात मांडीवर घेतला, आणि सावकाश एक बांगडी काढली. मग दुसरी. मनात मी एवढी निवांत होते की मला स्वतःचंच नवल वाटलं. मला वाटलं, हे मला येतं. एवढ्याचसाठी ते सगळं माझ्यावर आलं असेल.

जावेनं हात हिसकून घेतला.

“फोडू दे मले,” ती म्हणाली.

“नाई बाई. आयका माह्यं. अशानं बरं वाटते.”

“तुले वाटलं असन बरं.” ती माझ्याकडे पाहत होती, रडत नव्हती. “तुह्या तं त्यानं काहाडल्या. आपल्या हातानं काहाडल्या. तुमी दोघं बोलले, बसले, हासले. मी भिंतीच्या तिकडून सारं आयकत होतो. माह्या कोन काहाडीन? चहा पिऊन गेला थो, मी वर पाह्यलं बी नाई, चूल फुकत होतो. मले काईच नाई भेटलं वो. एवढा आवाज तरी होऊ दे.”

एवढ्या वर्षांत मी जे मिळवलं असं समजत होते, ते माझ्या एकटीचं होतं. तिच्या हातात ते घालता येत नव्हतं. मी पाटा परत ओढून तिच्यापुढे ठेवला आणि वरवंटा उचलून तिच्या हातात दिला. तिच्या एकटीनं तो उचलेना, तेव्हा मी वरून हात लावला.